चढा गंधार

काचेपलीकडच्या मुलीचं बोट बटणावर टेकलं, क्षणभर तिथेच थांबलं आणि उचललं गेलं. शैलेंद्र देशकरच्या कानात काहीच वाजलं नाही. तिनं नुसतंच बोट ठेवून पाहिलं असेल, असं त्याला वाटलं. जबलपुरच्या कारखान्याच्या दवाखान्यातली ती खोली कपाटाएवढी होती, भिंतींना बारीक भोकांचे पांढरे तक्ते ठोकलेले, आणि हेडफोनची गादी आधीच्या माणसाच्या घामानं अजून ओलसर. आवाज आला की हात वर करायचा, एवढंच काम. सुरुवातीचे आवाज आले तेव्हा त्याला मौज वाटत होती. पांढरी सातच्या केसभर वर, त्यानं मनाशी म्हटलं. मग तोच सूर एक सप्तक वर, मग आणखी एक. यंत्रालाही एकाच षड्जाचं वेड दिसतंय. ओळखीच्या जिन्याची पुढची पायरी पायाला लागणारच, अशा खात्रीनं तो पुढच्या सुराची वाट पाहत बसला, आणि पायरी आली नाही. बोट पुन्हा टेकलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा बोट टेकलेलं दिसताच त्यानं हात वर केला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात परीक्षेला बसून त्यानं कधी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं नव्हतं. मुलीनं मान वर केली, दार किलकिलं केलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाली, "अंकल, हाथ देखकर मत बताइए. कुर्सी घुमा लीजिए, दीवार की तरफ."

भिंतीकडे तोंड करून तो बसला. समोर भोकंच भोकं. कुठून तरी एक बारीक, न तुटणारी शीळ येत होती. घरी रात्री आडवं झाल्यावर ती यायची तेव्हा तो ती ट्यूबलाइटची समजायचा. या खोलीत ट्यूबलाइट नव्हती. बाहेर आल्यावर मुलीनं एक आलेख पुढे सरकवला. बऱ्यापैकी सरळ चाललेली रेघ एका ठिकाणी विहिरीत पाय घसरावा तशी खाली गेली होती. "हाई फ्रीक्वेंसी में ड्रॉप है, बाएँ में ज़्यादा. बातचीत में आपको कोई दिक्कत नहीं आएगी, अंकल." ती धीर द्यायला म्हणत होती. हे परत येतं का, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. "वापस नहीं आता. बस, अब और न जाए, यह देखना है. मफ़ तो पहनते हैं ना?" "पहनता हूँ," तो म्हणाला, आणि ते निम्मं खरं होतं. कानावरच्या त्या झाकणांपैकी उजवा मफ तो नेहमी घालायचा.

घडाईच्या विभागात तो चार्जमन होता. प्रेसखालून निघालेला लोखंडी नग निवला की त्यावर लहान हातोडीनं टिचकी मारायची आणि ऐकायचं. निर्दोष नग लांब, एकसंध वाजतो; आत कुठे केसाएवढा तडा असला की आवाजाच्या शेपटीला जरा खोकल्यासारखं होतं. तपासणीची यंत्रं आली, तरी यंत्र अडखळलं की लोक म्हणत, देशकर साहेबांना बोलवा. आजूबाजूला घण पडत असताना तो आवाज पकडायचा तर एक कान उघडा ठेवावाच लागे. एकतीस वर्षं त्यानं डावा मफ दोन बोटांनी मागे सरकवला होता, टोपी मागे सारावी तितक्या सहज. गेली तीन वर्षं कानाची तपासणीही त्यानं दिली नव्हती. त्याचा नंबर आला की दवाखान्यातला जुना कंपाउंडर हसत म्हणायचा, "देशकर साहब का कान? अरे, मशीन चेक करवानी हो तो इनसे करवाओ," आणि स्वतःच रकाना भरून टाकायचा. शैलेंद्र नको नको म्हणत हसायचा, आणि ते वाक्य घरी जाईपर्यंत तोंडात लवंगेसारखं घोळवायचा. यंदा कंपाउंडर निवृत्त झाला आणि ही मुलगी आली.

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तो स्कूटरवर बसला. खांद्याच्या पिशवीत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता, सोमवारी द्यायचा. वसुधानं, त्याच्या बायकोनं, त्यातल्या हिंदीच्या चुका लाल पेनानं काढून दिल्या होत्या, ती शाळेत शिकवते म्हणून. एकोणीस वर्षं तो कारखान्यातून आल्यावर मागच्या बाल्कनीत हार्मोनियमच्या पेट्या बनवत आला होता. त्रेसष्ट पेट्या. पोह्यात लाकडाचा भुसा सापडायचा, वसुधा तो चमच्यानं ताटाच्या कडेला काढून ठेवायची आणि खात राहायची. देशकरांची पेटी हवी म्हणून नागपूरचे, भोपाळचे लोक वर्ष-वर्ष थांबत. जानेवारीत त्यानं मदन महाल स्टेशनच्या मागे एक खोली भाड्यानं घेतली, सागाच्या फळ्या रचल्या, उजेडाच्या तोंडाशी टेबल लावलं. त्या दिवशी वसुधा दारात उभी राहून म्हणाली होती, "आता दे रे बाबा तो अर्ज. किती दिवस दोन ताटांत जेवशील?" तिला एवढं कळून होतं, याचाच त्याला कितीतरी दिवस आनंद पुरला होता. दोन ताटं. आणि आज घमापुरच्या गर्दीतून स्कूटर काढताना त्याच्या ध्यानात आलं की एका ताटातलं अन्न दुसऱ्या ताटातून जात होतं. ज्या कानावर सगळं उभं करायचं, तो कान तो रोज सकाळी आठ वाजता दोन बोटांनी उघडून देत आला होता. कुणी मागितलाही नव्हता. शाबासकीसाठी दिला होता.

घमापुर आलं तसं गेलं. तिथल्या एका गल्लीत त्याला वळायला हवं होतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यानं वेग वाढवला.

त्याचे वडील, सगळे त्यांना बापू म्हणत, त्याच कारखान्यात भट्टीवर होते. बापू फार मोठ्यानं बोलत. कॉलनीतली सगळीच माणसं मोठ्यानं बोलत; संध्याकाळी चौकात दहाजण उभे राहिले तर नवख्याला भांडण जुंपलंय असं वाटे. शैलेंद्र लहानपणी समजायचा की पुरुष मोठा झाला की त्याचा आवाज असाच होतो, मिशा येतात तसा. बापूंना हाक मारून उपयोग नसे, हाताला हात लावावा लागे. त्याला कुणी बहिरेपणा म्हणत नव्हतं. आई म्हणायची, "त्यांचं लक्ष नाही." चौदाव्या वर्षी त्यानं दत्तमंदिराच्या भजनी मंडळाची उंदरानं खाल्लेली पेटी घरी आणून उघडली, भात्याला नवं कापड लावलं, पितळेच्या जिभांचे सूर एकेक पुसून बसवले आणि वाजवून दाखवली. बापू समोर बसून मान डोलावत होते. तो थांबला तरी ते मान डोलावतच राहिले, दोन-तीन वेळा, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. आई हसली, बहीण हसली, तोही हसला. चाळीस वर्षं ती घरातली एक विनोदी गोष्ट होती. दीक्षितपुऱ्याच्या चढावर ट्रकमागे अडकलेला असताना ती त्याला आठवली आणि प्रथमच त्या गोष्टीत त्यानं बापूंच्या जागी बसून पाहिलं. हसणारी तीन तोंडं. आणि सकाळी त्यानं बोट पाहून केला तसा हात वर करणं तेवढं बाकी.

खोली उघडून त्यानं दार आतून लावून घेतलं. टेबलावर चौसष्टावी पेटी तयार होती, रविवारी भोपाळचे लोक न्यायला येणार. त्याची मुलगी प्रणोती पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिनं त्याच्या फोनमध्ये सूर मोजण्याचं ॲप घालून दिलं होतं. "बाबा, आप ये यूज़ करो ना, सोपं आहे," अशा तिच्या अर्ध्या मराठीत समजावलं होतं. त्यानं ते कधी उघडलं नव्हतं. ज्याला चव कळते तो मिठाचं वजन करत नाही, असं काहीसं तो तिला म्हणाला होता, आणि आता ते आठवून कानकोंडा झाला. फोन पेटीसमोर उभा करून त्यानं भाता मारला. मधलं सप्तक चोख होतं. काटा गेला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. त्याला वाटलं, दवाखान्यातल्या मुलीचं यंत्र चुकलं. मग तो वर चढू लागला. वरचा षड्ज ठीक. रिषभ ठीक. त्यापुढच्या पट्ट्यांवर काटा उजवीकडे झुकला आणि तिथेच राहिला. थोडासाच. एखाद्याला कधी कळणारही नाही इतका. त्यानं डोळे मिटून तोच सूर पुन्हा धरला. त्याला तो गोड वाटला. हेच भयंकर होतं. बेसूर ऐकू आला असता तर घासून काढता आला असता. त्याच्या कानाला तो सुरात होता, गेली कित्येक वर्षं असाच सुरात होता, आणि दर पेटीबरोबर तो आपला हा गोडवा बांधून, वर मखमलीचं कापड घालून, लोकांना देत आला होता.

फोन वाजला. वसुधा होती, मधल्या सुट्टीत. मागे मुलांचा कलकलाट. "झालं मेडिकल? काय म्हणाले? शुगर?" "शुगर बरोबर आहे," तो म्हणाला. "मग आवाज काहून असा येऊन राहिला तुझा?" "भुसा गेला घशात." एकोणतीस वर्षांच्या संसारात भुशाच्या सबबी तिला पाठ होत्या. "बरं, पाणी पी," ती म्हणाली, आणि घंटा झाली.

मग तो जे टाळत होता ते आलं. राजश्री ठोसर. रेल्वेच्या दवाखान्यात फार्मासिस्ट, दोनपर्यंत खिडकीत औषधं देते आणि पाचला घमापुरच्या घरी पंधरा-सोळा मुलांना गाणं शिकवते. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला तिनं त्याची पेटी घेतली होती. नवरा नको म्हणत असताना, स्वतःच्या हौसेनं घेतली होती. दिवाळीनंतर ती रिक्षात पेटी मांडीवर घेऊन, दोन विद्यार्थिनींसह त्याच्या घरी आली. "भैया, वरचा गंधार चढा लागतो. मुली तिथे गेल्या की कचरतात." तेव्हा घरात दोन-तीन माणसं बसली होती, त्याचं कौतुक करणारीच. त्यानं पेटीची फळी खोलून आत पाहिलंही नाही. दोन-चार स्वर वाजवले, कान तिरका केला, आणि जरासं हसून म्हणाला, "ताई, पेटी बरोबर आहे. गंधाराला वेळ लागतो. रियाज वाढवा." बसलेली माणसं हसली नव्हती, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं होतं. त्या दोन मुलींनी आपल्या बाईंकडे पाहिलं. राजश्रीनं पेटी पुढ्यात ओढून घेतली. पेटीला कापड गुंडाळलं, गाठ दोनदा मारली, आणि गेली. जिन्यात पेटीचा कोपरा भिंतीला घासल्याचा आवाज त्यानं ऐकला होता. तो मात्र नीट ऐकू आला होता. नंतर एकदा ग्वारीघाटावर आरतीच्या गर्दीत ती समोरून आली तेव्हा दोघांनीही नर्मदेकडे पाहिलं होतं.

त्याला वाटलं, फोन करावा. मग वाटलं, पेटी मागवून घ्यावी, एका कोपऱ्यात बसून ॲपवर सगळं सुधारावं आणि काही न बोलता परत पाठवावी. हे सोपं होतं. अर्ज द्यावा की फाडावा, हाही विचार आला आणि समोर ठाण मांडून बसला. तीन वर्षांत किती पेट्या गेल्या ते त्यानं मोजलं नाही. चेहरे मात्र एकेक येत होते, आणि त्यांतल्या कुणीच तक्रार केली नव्हती. देशकरांची पेटी चुकेल कशी? चुकत असेल तर आपला गळा. किती जणांनी रियाज वाढवला असेल. त्यानं कानशी, पक्कड आणि लहान पेचकस पिशवीत टाकले, अर्जाच्या शेजारी, आणि कुलूप लावलं.

राजश्रीचं घर घमापुरच्या बाजारातून आत, एका पापडवाल्याच्या वर. साडेतीन वाजले होते. ती नुकतीच जेवून उठली असावी, हात पुसतच दार उघडलं. त्याला पाहून ती बाजूला झाली, पण "या" म्हणाली नाही. "पेटी पाहायची होती," तो म्हणाला. "काहून? आता काय झालं?" त्याच्या तोंडून निघालं ते त्यानं स्कूटरवर ठरवलेलं नव्हतं. "वरचा गंधार चढा आहे." ती दाराला हात लावून उभी राहिली. दोन वर्षांचं काही तिच्या चेहऱ्यावर येऊन परत गेलं. "मी तर त्या पट्टीवर जाणंच बंद केलं, भैया," ती म्हणाली. "पोरींना सांगते, तिथे पेटी सोडा, तानपुरा ऐका." आणि मग आत गेली, पेटी आणून सतरंजीवर ठेवली. पेटीच्या एका कोपऱ्याचं पॉलिश खरवडलं होतं.

त्यानं वरची फळी काढली. पितळी सूर ओळीनं बसलेले, त्यानंच घासलेले. वरच्या गंधाराच्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवला. सूर उतरवायचा तर जीभ मुळाशी घासायची, केसभर. टोकाला घासली की चढतो. हे हाताला माहीत होतं, हाताला काही झालं नव्हतं. दोन वेळा कानस ओढून त्यानं सूर वाजवला आणि त्याला काहीच फरक कळला नाही. खिशातला फोन काढावासा वाटला. पण हिच्या मुलींच्या गळ्याला जो गंधार हवा तो काट्यावर नव्हता, हिच्या कानात होता. "ताई," तो खाली पाहतच म्हणाला, "जरा सांगाल का, कुठे येतो ते?"

तिला ते विचित्र वाटलं असणार. देशकर कुणाला विचारत नाहीत, हे अख्ख्या जबलपुरातल्या गाणाऱ्यांना माहीत होतं. पण ती तानपुरा घेऊन बसली, तारा छेडल्या, डोळे मिटले. "अजून चढा." त्यानं घासलं. "अजून थोडा." घासलं. "हं… आला जवळ." तिनं स्वतः गंधार लावला, लांब, हलका, तो त्याला ऐकू आला, पण कागदाआडून दिवा दिसावा तसा. तो सच्चा लागला होता की नव्हता, हे त्याला ठरवता येईना. ही खरं सांगते आहे कशावरून? दयेनं सांगत असेल. लवकर आटपावं म्हणून सांगत असेल. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं उट्टं काढायला भलत्याच जागी नेऊन सोडत असेल. आता यापुढे प्रत्येक गंधार कुणाच्या तरी तोंडून ऐकायचा, आणि सांगणाऱ्याचा चेहरा वाचत बसायचा. त्यानं सुरावर कानस ठेवली, ती धातूला लागू न देता हाताची हालचाल केली, दोनदा, तीनदा, फुंकर मारून भुगा उडवल्यासारखं केलं, आणि सूर वाजवला. "आता?"

तिनं डोळे मिटूनच ऐकलं. मग पुन्हा वाजवायला सांगितलं. मग भुवया जवळ आल्या. "काहीच नाही झालं," ती म्हणाली. "आधी होता तिथेच आहे." तिनं डोळे उघडले. "तुम्ही घासलंच नाही ना भैया?"

त्याचा हात तसाच पेटीवर राहिला. खालून पापड वाळत घालणाऱ्या बायकांचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. गेल्या सहा तासांत प्रथमच त्याला श्वास पुरता घेता आला, आणि तो घेताना घशातून असा काही आवाज निघाला की त्याला तो स्वतःचाही ओळखू आला नाही. "नाही घासलं," तो म्हणाला. "मला वरचं ऐकू नाही येत, ताई. डाव्या कानानं नाहीच. उजव्यानं थोडं." "कधीपासून?" "माहीत नाही. मला आज सकाळी कळलं. तुम्हाला दोन वर्षांआधीच कळलं होतं." राजश्रीनं तानपुरा मांडीवरून उतरवून ठेवला. "त्या दोन पोरींतली एक गाणं सोडून गेली," ती म्हणाली. "तुमच्यामुळे म्हणत नाही मी. पण गेली." "नाव काय तिचं?" "पूर्णिमा. इथेच राहते, मागच्या गल्लीत." तो मान हलवत राहिला. माफ करा, हे शब्द तयार होते, पण त्या शब्दांनी तो फार स्वस्तात सुटला असता असं त्याला वाटलं. "मी भेटेन तिला," तो म्हणाला. "पेटी चुकली होती हे सांगायला. आणि रविवारी भोपाळची पेटी जाते आहे. तुम्हाला वेळ असला तर… तुम्ही ऐकाल का आधी? फुकट नाही म्हणत मी."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. मुलं यायला तास होता. मग तानपुरा पुन्हा उभा केला आणि खुंटीला जरासा पीळ दिला. "रविवारचं रविवारी पाहू," ती म्हणाली. "आधी हा गंधार पुरा करा. अर्धा केस बाकी आहे. आणि मग तो वरचा पंचम घ्या, तोही चढा आहे. मी एकटा गंधार सांगितला होता त्या दिवशी, लाजेनं. तीन सूर आहेत."

"तीन?"

"चार, खरं म्हणजे."

शैलेंद्रनं चष्मा पुसला, कानस उचलली, आणि या वेळी ती धातूला लावली.